खंडेनवमीच्या पाटावर

फ्रिस्को, ५ ऑक्टोबर

प्रिय शरयूताईस,

तुला आणि भावोजींना दसऱ्याचा नमस्कार. इथे परदेशात आपट्याची पानं मिळत नाहीत, तेव्हा सोनं दिलं असं समज. यतीन घरातूनच काम करतो, फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. अनया बरी आहे. अकरावीचा अभ्यास बरा चाललाय. उकाडा अजून हटत नाही.

पूजेच्या फोटोत मी का नाही, असं विचारलंस. किळस आली म्हणून. पाटावर आईची विळी, अनयाचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध यतीनची नवी रायफल! शेजारी गोळ्या मांडलेल्या. एकेका गोळीच्या टोकाला त्याने कुंकू लावलं. इतक्या हळुवार हाताने त्याने कधी गौरीलाही लावलं नाही.

मग जेवायला आलेल्या मित्रांची श्रीखंड चाटत चर्चा, जणू बाजारात आंबे निवडताहेत.

"यार, साधी गोळी ड्रायवॉलची पातळ भिंत फाडून पलीकडे जाते," राज म्हणाला.

"म्हणून तर ही घेतली. अंगात शिरली की उमलते, आतच थांबते. भिंतीपलीकडे अनयाची रूम आहे ना!" यतीन म्हणाला.

उमलते म्हणाला, ताई. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, काय विचारी बाप! हातातली वाटी तशीच ठेवून मी उठले.

नंतर यतीनला विचारलं, "कोणाच्या अंगात?"

"जो घुसेल त्याच्या," म्हणाला. पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं.

कशाला लपवू? परवा शाळा लवकर सुटली. अनया मागच्या दाराने आली, कानात गाणी. यतीनने हाक मारली, तिला ऐकूच गेली नाही. तो रायफल घेऊन स्वयंपाकघरात धावला. मी किंचाळले, तेव्हा थांबला. नळी तिच्या छातीवर रोखलेली होती. पोरगी तेव्हापासून माझ्याजवळ झोपते.

तो रडला, नाही असं नाही. पण मी रायफल विकून टाक म्हटलं, तर म्हणतो, "अगं, गोळी सेफ आहे. भिंत फोडत नाही."

अनया भिंतीच्या अलीकडे उभी होती, ताई.

तिकिटं काढली आहेत. त्याला अजून सांगितलेलं नाही, तूही फोन करू नकोस. त्या पाटावरचं काहीही मी आणणार नाही, आईची विळीसुद्धा नाही. अनयाला तेवढं घेऊन येतेय.

तुझी नीलू,
अनयाची आई