शनवारी बंगल्याची चौकट

प्रिय रिबका,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहायला बसलं की आवरायचं काहीतरी आठवायचं, म्हणून उत्तर राहून गेलं. आता आवरायला काही उरलं नाही. उमरीचा बंगला मी विकला. गेल्या महिन्यापासून लातूरला अंबरीशकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, त्याच्या फ्लॅटमध्ये राहते आहे. त्याला जड होऊ नये म्हणून दिवसभर भाजी निवड, घड्या घाल असं चालतं आणि संध्याकाळी विनाकारण दमून जाते.

रागावू नकोस. तुझ्या आजोबांनी अलिबागेकडून येऊन सरकीच्या व्यापारावर उभं केलेलं घर मी पाडायला दिलं. पण आई गेल्यावर मी एकटी, आणि ते जिने चढणं गुडघ्यांना झेपेना. शनिवारी तुमचं दुकान बंद, म्हणून गावानं ठेवलेलं 'शनवारी बंगला' हे नाव मात्र टिकून आहे. घेणारासुद्धा सौदा करताना तेच म्हणत होता.

दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली ती पितळी नळी तुला आठवत असेल. आत तुमच्या धर्माचा लेख लिहिलेला कातड्याचा तुकडा, आणि जाता-येता तिला बोटं लावून ओठांशी न्यायची तुमची रीत. आम्ही तेव्हा खालच्या खोल्यांत भाड्यानं होतो, त्यामुळे आईलाही तीच सवय लागली. आपण सहावीत असताना तुम्ही इस्रायलला निघालात आणि घर माझ्या वडिलांनी घेतलं. नळी तिथंच राहिली, आणि आईनं तिचा घरदेव करून टाकला. दसऱ्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. पुढे तुझे वडील, दानियेलकाका, एकदा भेटीला आले, ते बघून हसायलाच लागले. आई ओशाळली, तेव्हा म्हणाले, "राहू द्या वहिनी. आमच्यात कुंकू लावत नाहीत, पण घराबाहेर पडताना वरच्याची आठवण करताय, बास झालं."

घर पाडायच्या आदल्या दिवशी पंढरी सुताराला मी ती काढायला सांगितली. तो मागंच सरकला. "बाई, देवाला मी पेचकस लावत न्हाई," म्हणाला. मग मीच स्टुलावर चढले. कुंकवाचे आणि ऑइलपेंटचे थर खरवडून स्क्रू सोडवले, नळी उघडली. आत काहीच नव्हतं. वाळवीची मातीसुद्धा नाही.

आधी फार वाईट वाटलं. जन्मभर आम्ही रिकाम्या नळीला हात जोडले. मग काकांचं हसणं आठवलं. परधर्माच्या माणसाला घर देताना आतला लेख सोबत न्यायचा, असं तू मागं कधीतरी लिहिलं होतंस. तो त्यांनी नेला आणि नळी आईसाठी ठेवली. बोलले मात्र कधी नाहीत.

इथं दाराच्या चौकटीला लाकडाऐवजी गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी आहे. बाहेर पडताना माझा हात अजून वर जातो, फरशीवरून घसरतो आणि बोटं तशीच ओठांशी येतात. अंबरीशची बायको उर्वी बघत राहते. नळी माझ्या उशाशी आहे. ती रिकामीच या दाराला लावली तर तुमच्यात चालेल का, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं. चालणार नसेल तर तुझ्याकडे पाठवून देईन. पण जमलं तर हो म्हण, रिबका. इथून बाहेर पडताना मला अजून आपल्या घरातून निघाल्यासारखं वाटत नाही.

बंगल्यातली, तुझीच
लता