पावण्यांचं गूळपाणी

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर, २ मार्च २०२५

ती. अक्कास,
आकारामचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोललो की तुला रागावल्यासारखं वाटतं. म्हणून कागदच बरा. गडहिंग्लजला आलो तेव्हा तुझ्या हातावरचं काळंनिळं पाहिलं. दार लागलं म्हणालीस. दाजींना विसर पडायला लागल्यापासून तुझं दार फारच लागायला लागलंय.

आमच्या वॉर्डात एका पेशंटनं सिस्टरला मारलं. तेव्हापासून दवाखान्यात आम्हा वॉर्डबॉयसकट सगळ्यांना शिकवणी आहे, चिडलेल्या माणसाला शांत कसं करायचं याची. शिकवणाऱ्या क्रांती मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मामा, तुम्ही दार अडवून उभे राहता. सगळे हसले. वाट मोकळी ठेवायची, अंगाला हात लावायचा नाही, हळू बोलायचं, आणि आधी आपण कोण ते सांगायचं. दाजींशी तूही तसंच कर.

माया आहेच, पण तब्येतीचं खरं लिही.
तुझा आकाराम

गडहिंग्लज, १० मार्च

चि. आकारामास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी शिकवणी इथं फसली बघ. दिवेलागणीला हे बायकोला शोधत उठले. मी हळूच सांगितलं, मीच तुमची बायडा. तर म्हणाले, म्हातारे, खोटं बोलतीस, माझी बायडा तरणी हाय, कुठं दडवलीस तिला? आणि तांब्या फेकला. कपाळाला टाके पडले.

धैर्यशील म्हणतो, पाडवा झाला की आबांना वृद्धाश्रमात ठेवतो, आईला मरू देणार नाही. लेकाचं चुकत नाही. पण यांना परक्या घरात जेवण जात नाही रे.

जपून राहा, आणि आठवण ठेव.
अक्का

कोल्हापूर, १५ मार्च

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

टाक्यांचं वाचून देवापुढं बसलो, पण हात जोडवेनात. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्याचा काळच मागं गेला त्याला आपलं खरं पटवायला जाऊ नये, तो जिथं आहे तिथं आपण जावं.

अक्का, लिहायला जड जातंय. संध्याकाळी बायको म्हणून समोर जाऊ नकोस. दारी आलेल्या पावण्यावर दाजींनी कधी आवाज चढवलेला मी पाहिला नाही. बाहेरून ये, उंबऱ्याशी थांब, पाणी माग.

जोतिबाला तुझ्या नावानं गुलाल-खोबरं वाहतो. राग धरू नकोस.
आकाराम

गडहिंग्लज, ६ एप्रिल

चि. आकारामास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडवा झाला. हे घरीच आहेत. धैर्यशीलनं वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

रोज दिवेलागणीला मी पिशवी घेऊन मागच्या परड्यातनं निघते, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी उभी राहते. हे उठून येतात, या की पावणं, लांबनं आलायसा म्हणतात, आणि आपल्या हातानं गूळपाणी देतात. सगळ्या संसारात यांनी मला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता. आता रोज देतात, पण तो मला नसतो.

काल विचारलं, पावणं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मालक हायत, पण परगावी गेल्यात. मग आणखी एक गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, येतील की. वाट बघा.

तू येशील तेव्हा पुढच्या दारानंच ये.
तुझी अक्का