एक्केचाळीस गडी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

पार्सल आलं. मुद्दाम ग्रामपंचायतीचा पत्ता देते — घरी आलं की माझ्याआधी गल्लीच उघडून बघते. आत हातोडेवाला गडी. निळा. उजवा गुडघा ढिला, बाकी ठणठणीत. कपाटातला हा एक्केचाळिसावा.

सरपंच माझ्या कॉम्प्युटरपाशी येऊन उभे. "मॅडम, ही प्लास्टिकची माणसं काहून घेऊन राहिल्या तुमी?" दाखला छापता छापता म्हटलं, "आवडतात." त्यांचं समाधान झालं नाही. बाईमाणसाच्या तोंडी 'आवडतात' हे उत्तर कुणालाच पुरत नाही. यांच्या दारात तीन मोटारसायकली उभ्या आहेत आणि चालवणारा माणूस एक. त्यांना कुणी 'काहून' विचारत नाही.

६ ऑगस्ट

हातोडेवाल्याचा गुडघा गरम पाण्यात बुडवून बसवला. टक् करून बसला. दिवसभर खुशीत होते.

१० ऑगस्ट, रविवार

नर्मदाअक्का आली होती कनेरगाव नाक्याहून. नणंद म्हणून वाईट नाही, पण तिची काळजी चपला न काढता घरात शिरते. चहा घेऊन थेट माझ्या काचेच्या कपाटापुढं उभी राहिली.

"प्रियंका, एका महाराजाला विचारून आले मी. ते म्हणले, लेकरू यायच्या आधी घरात खेळणी भरून ठिवली की लेकरू रुसतं. महालक्ष्म्या यायच्या आत हे मोकळं कर. अंगणवाडीला देऊन टाक. पुण्य लागंल."

लग्नाला नऊ वर्षं झाली. हिंगोली झालं, नांदेड झालं, सगळ्या तपासण्या झाल्या. रडायचं तेवढं आम्ही दोघं रडलो आणि उठलो. पण पहिला गडी मी पहिल्या पगारात घेतला होता, भंगारवाल्याकडून, त्याला अकरा वर्षं झाली! तेव्हा नवरा नव्हता, तर लेकरू कुठून रुसणार? हा हिशेब कुणी मांडत नाही.

सासूबाई वाती वळत होत्या. त्यांची चुप्पी मला अजून वाचता येत नाही.

माझा नवरा विश्वंभर, शेवटी अक्काचाच भाऊ, म्हणाला, "देऊन टाक ना. वाद कशाला? नंतर दुसरे घे." दुसरे घे! टमाटे आहेत का?

११ ऑगस्ट

बाजारातून बारा चेंडू आणि ठोकळ्यांच्या दोन पिशव्या घेतल्या. अंगणवाडीत नेऊन दिल्या. पुण्य लागलं असेल तर अक्काच्या नावावर जमा करावं. कपाट जिथल्या तिथं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आले. घरात कुणी नाही. खरं काय ते वहीला तरी सांगून टाकते.

मी नऊ वर्षांची, माहेरच्या गावी, डोंगरकड्याला. दसऱ्यात बापूंनी आम्हाला हिंगोलीच्या प्रदर्शनात नेलं. मोठ्या भावाला, ओमप्रकाशला, पुठ्ठ्यावर बांधलेला सहा योद्ध्यांचा संच घेतला. मला बांगड्या. हाताच्या पंजाएवढे योद्धे, कोपरात-गुडघ्यात वळणारे, मुठीला भोक — त्यात हत्यार बसायचं. पाच गडी आणि एक बाई. लाल चिलखत, गुडघ्यापर्यंत बूट, लाल तलवार. मी एवढंच म्हटलं, ती मला दे.

ओमप्रकाश आणि त्याचे दोस्त हसले. "बाई कुठं लढत असती व्हय?" गावाजवळच्या कॅनॉलला पाणी सुटलं होतं. बुडती का पोहती ते बघायला तिला टाकून दिलं. ती पोहली. मी काठाकाठानं पळाले, पुलापर्यंत. पुलाच्या पुढं जायची आम्हा पोरींना परवानगी नव्हती.

उरलेल्या पाचांना मला हात लावू देत नसत. खेळात मी कोण असायचे? नदी! "तू हितं आडवी पड, आमी तुला ओलांडून जातो." हातोडेवाला, काण्या, तांबड्या, जाड्या, पंखवाला — सगळे माझ्या पाठीवरून पलीकडं जायचे. दोन दिवाळ्या मी नदी होते.

लोकांना वाटतं, हिला लहानपणात परत जायचंय. तिथं जाऊन काय करू, पुन्हा आडवी पडू? लहानपण नको मला. माझा डाव राहिला होता, तो मी आता घेते आहे. स्वतःच्या पगारात, उभ्यानं.

एक खरं — ती सहावी अकरा वर्षांत कुठं मिळाली नाही. मोबाइलवर शोधलं, भंगारवाल्यांना विचारलं. "बाई नसती त्यात," म्हणतात. असते! पण घरोघरच्या पोरांनी आधी तिलाच फेकलं असणार.

२२ ऑगस्ट, पोळा

गावभर मातीचे बैल. शेजारचे कोंडीबा, सत्तरी ओलांडलेले, तळहातावर एवढासा बैल घेऊन त्याची शिंगं रंगवत बसले होते. त्यांच्या बायकोला जाऊन कुणी म्हणत नाही, समजून घ्या त्यांना.

२६ ऑगस्ट, मंगळवार

विश्वंभरनं रिकामं खोकं आणून कपाटापाशी ठेवलं. "अक्का रविवारी येणार. त्याआधी भर. लक्ष्म्यांत घरात कटकट नको मला."

भरलं. त्याची कॉलेजातली बॅट, कबड्डीच्या चार ढाली, पंधरा वर्षं न वाजलेला टेपरेकॉर्डर. म्हटलं, "हे बी देऊ अंगणवाडीला." त्यानं खोक्यात बघितलं. मग उचलून माळ्यावर नेलं. पण रविवार काही टळत नाही.

दुपारी सासूबाईंनी आरासची पेटी काढायला लावली. महालक्ष्म्यांपुढं मांडायची खेळणी त्यात असतात — मातीच्या गाई, जातं, रहाटाची विहीर, पोपट. उंदीर शिरला होता. विहिरीवरच्या पाणी भरणाऱ्या बाईची साडी कुरतडलेली. म्हणाल्या, "डोळ्याचं आपरेशन झाल्यापून मला सुई दिसत न्हाई. तिची साडी यंदा तूच शिव."

बघा. घरातली सगळ्यात जुनी खेळणी साठ-पासष्ट वर्षांच्या बाया सांभाळतात. पेटीला कुलूपसुद्धा असतं.

३० ऑगस्ट, शनिवार

आरासची पेटी पुन्हा काढली.

बाईची साडी उतरवायला बसले. वर्षागणिक नव्या साड्या जुन्यांवरच शिवलेल्या. एक उसवली, खाली दुसरी. मग तिसरी, चौथी. सगळ्यात आतली हिरवी खणाची. ती कापली.

आत लाल चिलखत. गुडघ्यापर्यंत बूट.

तीच! तोच साचा, तोच पुठ्ठा कुठल्यातरी दसऱ्यातला. मुठीच्या भोकात तार ओवून घागर बांधलेली. तलवार नाही. नऊ वर्षं मी स्वतःच्या हातानं हिला विहिरीवर उभी करत आले. तोंड पदरात, नजर खाली. अख्ख्या देशात शोधत होते आणि ही माझ्याच घरात पाणी भरत होती.

रडू आलं. मग राग आला. कुणाचा, ते नक्की सांगता येत नाही.

नवी साडी शिवून तयार आहे. नेसवणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आज लक्ष्म्या बसल्या. आरास मी मांडली. कपाट मोकळं करा म्हणता ना, केलं मोकळं! एक्केचाळीस गडी आणून विहिरीभोवती उभे केले, गाई-पोपटांच्या मधोमध. आणि काठावर ती, चिलखतात. मूठ रिकामी. घागर बाजूला ठेवली.

विश्वंभरनं कपाळावर हात मारून घेतला. अक्का म्हणाली, "आई, बघ गं ही काय करून राहिली!" सासूबाई आल्या. वाकून बघितलं. त्या बाईकडं जरा जास्तच वेळ बघितलं. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, आधी लक्ष्म्यांना, मग आरासला, आणि आत गेल्या.

उद्या गाव येणार बघायला. येऊ दे.

१ सप्टेंबर, सोमवार

जेवणं झाली. पुरण, आंबील, सोळा भाज्या. हळदीकुंकवाला तीसेक बाया आल्या. सगळ्यांचं लक्ष आरासकडं. कुणी हसलं, कुणी मोबाइलवर फोटो काढला. मग अक्का सगळ्यांपुढं म्हणाली, "लेकरू न्हाई ना तिला, म्हणून अशी करून राहिली. समजून घ्या बाई."

समजून घ्या! पुरणाचं पातेलं खाली ठेवलं.

"अक्का, लेकरू न्हाई ते खरं. त्याचं दुःख झालं ते बी खरं. पण हे त्याच्या बदल्यातलं न्हाई. मला बारा लेकरं असती तरी हे कपाट असतं. अन् त्याला कुलूप असतं."

दोघी-तिघी खुदकन हसल्या. अक्काचे डोळे भरले. तिचं वाईट वाटलं, पण शब्द परत घेणार नाही.

स्वयंपाकघरात आले. सासूबाई चुलीपाशी होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "पोळ्या वाढ. दुसरी पंगत बसली."

आता काय ते उद्या. गड्यांना घराबाहेर काढ म्हणाल्या तर मी कुठवर जाईन, माझं मलाच माहीत नाही.

२ सप्टेंबर

लक्ष्म्या गेल्या. आरास आवरताना सासूबाईंनी मला पेटीजवळ बोलावलं. तळातून कुंकवाची जुनी लाकडी डबी काढली. आत कापूस. कापसात लाल तलवार.

"विश्वंभरला आणला व्हता संच, दसऱ्यात. पाच गडी त्याला दिले. बाई मी ठिवून घेतली. सासूच्या ध्यानात येऊ नाही म्हणून साडी नेसवली, हातात घागर दिली."

"मग ही तलवार काहून ठेवली?" महिनाभर मला विचारलेलं ते 'काहून' आज मीच विचारलं.

"काय माहीत बाई. फेकवली न्हाई."

तलवार मुठीत बराबर बसली. मी तिला पेटीत ठेवायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिकडं कपाटात ठिव. सत्तावीस वर्षं पाणी भरलं तिनं. बस झालं."