पौलोसचेट्टनचं ‘तिरुत्त’

१२ जानेवारी
आजही पौलोसचेट्टनचं उत्तर नाही. ही चौथी मेल!
‘तिरुत्त’ हा त्यांचा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या नव्या लिनक्स प्रणालीवर चालत नाही. पडद्यावर खिडकी उघडायला त्याला जी जुनी कोड-लायब्ररी लागते, ती नव्या आवृत्तीतून काढून टाकलीय. मी करून दिलं असतं. पण तिरुत्त त्यांचं — त्यांनी हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आम्हा स्वयंसेवकांचा नियम. मार्चअखेर झालं नाही तर लिनक्ससोबत मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून बाद. मग नवीन लिनक्स टाकणाऱ्याला मल्याळम शुद्धलेखन तपासायला काहीच उरणार नाही.
छापखान्यातून कुंजिरामन यांचा फोन. “रेमा टीचर, नव्या कॉम्प्युटरवर तुमचं तिरुत्त चालेना! आता काय, मी परत भिंग घेऊन बसू?”

१९ जानेवारी
नाही.

२३ जानेवारी
लिहिलं शेवटी. “तुम्हाला जमत नसेल तर बाजूला व्हा. लोकांचं अडवून ठेवू नका.” पाठवून टाकलं. बरं वाटलं!
वीस वर्षांपूर्वी तृश्शूरच्या शिबिरात याच माणसाने मला पहिला प्रोग्रॅम बांधायला शिकवला. “मुली, एरर वाचायची असते, घाबरायची नसते.” तेव्हापासून ते माझे चेट्टन, थोरले भाऊ; पण त्यानंतर भेट नाही, फक्त मेल. माणसं अशी कशी बदलतात!

११ फेब्रुवारी
जुन्या वहीत त्यांच्या घरचा नंबर सापडला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मी म्हटलं, चेट्टनशी बोलायचंय. तिने माझं नाव विचारलं. मग म्हणाली, “घरीच ये.”
शनिवारी जाते कोदमंगलमला. तोंडावर विचारते.

१५ फेब्रुवारी
आलुव्याला ट्रेनमधून उतरून बस. रबराच्या झाडांमागे घर. पौलोसचेट्टन पायरीवर बसलेले — लुंगीसारखं नेसलेलं पांढरं मुंडू, शर्टाची सगळी बटणं लावलेली.
“ये, ये! कुठून आलीस?”
“कोझिकोडहून.”
“लांबून आलीस गं.” मग, पाणी पिऊन होतंय तोच, “कुठून आलीस?”
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या बायकोकडे, एलिकुट्टीचेच्चीकडे बघितलं. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कप्प — साबुदाण्याचा कंद — उकडत होता. ती ढवळत राहिली, माझ्याकडे न बघता बोलली.
“दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, जाईल तेवढं जाणार. सवयीची कामं हात आपोआप करतात. सकाळचा चहा झाला की मेल उघडतो. तुझी मेल रोज वाचतो. रोज पहिल्यांदाच. चेहरा पडतो. मला विचारतो, ‘एली, मी कुणाचं अडवून ठेवलंय गं?’ दुपारपर्यंत विसरतो. दुसऱ्या दिवशी परत तेच.”
मी म्हटलं, “चेच्ची, काढून का नाही टाकलीत?”
“मला ते मशीन कळत नाही. आणि त्याच्या पत्रांना मी कधी हात लावला नाही.”
तेवीस सकाळी. मी मोजल्या.
ते जेवायला बसले तेव्हा चेच्चीला विचारून मीच ती मेल पुसली. ते बाहेरून ओरडले, “अगं, पाहुणीला मासे वाढलेस का?”
चेच्ची म्हणाली, “तिरुत्तचं काम तू घे. त्याचं नाव मात्र राहू दे.”
निघताना त्यांनी माझा हात धरला. मेल तर गेली होती. तरी म्हणाले, “माझ्यामुळे तुझं काही अडलं नाही ना?”
नाही म्हटलं. बस येईपर्यंत तोंडाला पदर लावून उभी होते.

१७ फेब्रुवारी
तासाला उभी राहिले. दोन वाक्यं बोलले आणि मुलांना लवकर सोडलं.

८ मार्च
तीन दिवसांचं काम म्हणे! मीच म्हणत होते. एक सांधा काढला की दुसरीकडे गळतं. रविवार सगळा यातच.
कोडमध्ये जागोजागी त्यांच्या टिपा. एका शब्दापाशी — “शब्दकोशात नाही. पण एली असंच म्हणते. चूक दाखवू नये.” पुढे असे चाळीस-पन्नास शब्द. सगळ्यांपाशी एली.
हे मी वीस वर्षांत उघडून बघितलं नव्हतं. फक्त मागत होते — कधी होणार, कधी होणार!

२९ मार्च
स्वीकारलं. यादीत राहिलं. लेखक — पौलोस. देखभाल — रेमा.
चेच्चीला फोन केला. “त्याला सांगते,” म्हणाली. मग, “सांगून काय होणार म्हणा.”

१७ जून
तिरुत्त असलेली लिनक्सची नवी आवृत्ती आली. कुंजिरामनही खूश. “टीचर, भिंग कपाटात टाकलं!” मला आनंद व्हायला हवा होता.

३ जुलै
तिरुत्तच्या पत्त्यावर, म्हणजे आता माझ्याकडे, मेल.
“नमस्कार. नव्या यादीत तुमचा प्रोग्रॅम सापडला. फार छान. माझी बायको बोलते ते शब्दसुद्धा त्याला चुकीचे वाटत नाहीत! लेखकाचं नावही माझंच निघालं, गंमत आहे. मला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं. तुमचं काही अडलं असेल तर सांगा. — पौलोस.”
मी लिहिलं, “हो. अडलंय. या.”