सहीअभावी गाळाची नळी जागची न हलवण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
समुद्र संशोधन संस्था.

विषय : माझ्या दिवंगत पत्नीच्या अभ्यासातील समुद्रतळाचा गाळ फेकून न देण्याबाबत.
संदर्भ : शीतगृह बंद करण्याची आपली नोटीस व माझ्या पहिल्या अर्जाला आलेले आपले उत्तर.

महोदय,

मी पाट्या रंगवण्याचा धंदा करतो. माझी पत्नी आपल्याकडे संशोधक होती. गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिचा स्वेटर, डबा आणि चष्मा आपल्या शिपायाने घरी आणून दिला, त्याबद्दल आभारी आहे.

१. शीतगृहाच्या खालच्या फळीवर तिची गाळाची नळी आहे; समुद्रतळात उभी खुपसून थरांसकट वर काढलेली. महिनाअखेर शीतगृह बंद होणार आणि ज्यांना कोणी वाली नाही त्या नळ्या रिकाम्या करणार, असे नोटिशीत लिहिले आहे. गाळ वाळला की त्याला भेगा पडतात, थर ढासळतात. मग त्यातून काही कळत नाही.

२. मला जेवढे समजले तेवढे लिहितो. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड बराच कमी होता. हवेतून गेलेला पुष्कळसा खोल समुद्रात होता. वरचे जीव मरून बुडत, त्यांच्यासोबत कार्बन खाली जाई, आणि तळाचे पाणी फार सावकाश फिरत असल्याने तिथेच अडकून पडे. पुढे ते पाणी वर आले, कार्बन हवेत सुटला आणि बर्फ वितळायला हातभार लागला. पाणी किती काळ खाली कोंडून होते, हे ती शोधत होती. एकाच थरातली वरच्या जिवांची आणि तळाच्या जिवांची कवचे घ्यायची, त्यांतल्या कार्बनवरून दोघांचे वय काढायचे; कोंडलेल्या पाण्यातली कवचे जास्त जुनी दिसतात, त्या फरकावरून अंदाज येतो. "अहो, केवढा श्वास रोखून बसलं होतं हे पाणी, बघा तरी," असे ती जेवताना म्हणायची. मी म्हणायचो, आधी ताट संपव.

३. ही कवचे वाळूच्या कणाएवढी. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलावी लागतात. तो ब्रश मी केस छाटून करून देत असे. "रंगारीबुवा, अजून जाड आहे," म्हणून ती परत करायची. पाणी वर आले त्या काळच्या थरातली वरच्या जिवांची कवचे तिने निवडून ठेवली आहेत. तळाची विरळ असतात, ती नळीतच राहिली. एकाच बाजूवरून फरक निघत नाही.

४. नळी दुसऱ्या संशोधकाकडे द्यावी, अशी विनंती मी केली होती. संबंधित संशोधकाच्या सहीशिवाय नळी कापता, हलवता वा कोणाला देता येत नाही, तरी ती सही सादर करावी, असे आपले उत्तर आले. महोदय, ती सही मला आणता येत नाही. नळी घरी ठेवावी म्हणून फ्रिजचे कप्पे काढून पाहिले. तेवढ्या लांबीची काठी तिरपी ठेवली तरी दार लागत नाही. बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालक म्हणाला, "काका, चिखल कुणी बर्फात ठेवतं का?" मी काठी घेऊन घरी परत आलो.

५. आपला नियम मला मान्य आहे. परंतु फेकण्यासाठीही नळी फळीवरून हलवावी लागेल, आणि हलवायला तिची सही लागेल. तरी तिची सही येईपर्यंत नळी आहे तिथेच राहू द्यावी व शीतगृह चालू ठेवावे. सहीसाठी माझी काही घाई नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
संबंधित संशोधकाचा पती
दिनांक : १९

सोबत :
१. मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२. आपल्या उत्तराची प्रत
३. ब्रश, एक. पुन्हा छाटला आहे. आता जाड नाही.