पुढच्याला खरं सांगायचं

आई,

आज दंडात सुई घेतली. शेजारच्या मांजरीनं बोचकारलं म्हणून इथल्या सरकारी दवाखान्यात जावं लागलं. सुई देणारी पोरगी अगदी कोवळी होती. औषध भरता भरता म्हणाली, "काकू, बिलकुल दुखणार नाही, हं." मला हसूच फुटलं. तिला वाटलं, बाई घाबरली आहे आणि घाबरून हसते आहे. तिनं माझ्या पाठीवर हातही फिरवला. आपल्या घरात हे वाक्य बोलायची बंदी होती, हे मी तिला कसं सांगणार? घरी आले, चहा ठेवला, तो ओतून घेतला आणि तसाच गार होऊ दिला. मग तुला लिहायला बसले.

मी लहान होते, भंडाऱ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये होते आणि सुटीत तुझ्याकडे आले होते. आंबागडच्या अलीकडे तुझं ते एका खोलीचं आरोग्य उपकेंद्र, समोर चिंच, आणि चिंचेखाली पदराआड लेकरं लपवून उभ्या असलेल्या बाया. पटकीची सुई आली होती. स्टोव्हवर सुया उकळताहेत, काचेच्या नळ्या एकमेकींवर आपटून किणकिणताहेत, आणि एकही बाई पुढे येत नाही. तू नेहमीसारखं मला पुढे ओढतेस. "पयले माह्या पोरीले देतो. मंग तुमच्या लेकराईले." फ्रॉकची बाही वर केलेली, केसांत रिबिनी, आणि सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर. सुई आत गेली आणि मी ओरडले, "दुखत नाही! बिलकुल दुखत नाही!" मला वाटलं, तुझ्या कामाला मदत झाली. बाया पुढे सरकल्याही. पण पहिल्याच पोरानं सुई टोचताच असा टाहो फोडला की चिंचेवरचे पक्षी उडाले. हुंदके देत तो म्हणाला, "नर्सबाईची पोट्टी खोटारडी हाय!" बाया हसल्या, आणि हसत हसत लेकरं उचलून निघून गेल्या. उरलेला दिवस तू सुयांची पेटी घेऊन घरोघर फिरलीस. लोकांनी दारं लावून घेतली.

संध्याकाळी चुलीवर लाखोरीची डाळ शिजत होती. तू पळी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे वळलीस. "खोटं काहून सांगितलं तू?" मी म्हणाले, सिस्टर आम्हाला शिकवतात, कुणी विचारलं की 'फाइन, थँक यू' म्हणायचं. तुला हसू आलं असावं, पण तू ते दाखवलं नाहीस. "तुह्या सिस्टरचं तिथं ठीक हाय. इथं तुह्या मागं दुसरं लेकरू उभं हाय. तू पयली, तं तुले माहीत हाय. त्याले नाही. पुढच्याले खरं सांगाचं. दुखते म्हणाचं, आन् दुखते तरी घ्या म्हणाचं." मग माझा दंड हातात घेतलास, फुगलेल्या जागेवरून अंगठा फिरवलास आणि विचारलंस, "आता सांग, किती दुखते?" मी म्हणाले, "लय." कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द उच्चारला असता तर बाकावर उभं राहावं लागलं असतं. तू माझ्या भातावर डाळीची आणखी एक पळी वाढलीस. त्या दिवसाचं माझं बक्षीस तेवढंच. पण मला अजून त्या डाळीची चव आठवते.

तू निवृत्त झालीस त्याच सुमाराला भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. तुझ्या निम्म्या मैत्रिणी गोंदियाच्या झाल्या. तू म्हणायचीस, "मीच तेवढी जागच्या जागी रायली." तुमसरला येऊन माझ्याजवळ राहिलीस. चार वर्षं अंगणातल्या वांग्यांना पाणी घालण्यात गेली, आणि मग कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, नेहमीची औषधं झाली, केस गेले आणि परत आले. मग गाठही परत आली. नागपूरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवलं. त्या तुला 'सिस्टर'च म्हणायच्या, तू नर्स होतीस म्हणून. त्या म्हणाल्या, एक नवीन औषध आहे, पण अगदी सुरुवातीच्या पायरीवर. प्रयोगशाळेत पाहिलं, उंदरांवर पाहिलं, आता कुठे माणसांना देताहेत. आधीच्यांना थोडं दिलं, त्यांना सोसलं, म्हणून पुढच्यांना जरा जास्त. माणसाला किती सोसतं, एवढंच आत्ता पाहायचं आहे. "सिस्टर, तुम्हाला यातून फायदा होईल असं मी म्हणणार नाही. बहुतेक नाही होणार."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी फक्त 'नवीन औषध' एवढंच ऐकलं आणि मनातल्या मनात तुला बरीसुद्धा केलं. तू सगळं ऐकलंस. "हे बरं सांगितलं," म्हणालीस. मग विचारलंस, "माह्या आधीचे कसे हायेत?" बाईंनी सांगितलं, नावं सांगता येत नाहीत, पण घरी आहेत. तू मान डोलावलीस, जणू गावातल्या ओळखीच्या माणसांची खुशाली कळली.

बाकीचं बाहेर आल्यावर कानात शिरलं, आणि परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले. खिडकीबाहेर नदीचा पूल आला, आणि मी चारचौघांत आवाज चढवून विचारलं, "तुझ्यावर प्रयोग करणार आहेत ते. तू काय उंदीर आहेस?" तू शांतपणे म्हणालीस, "उंदराले कोनी विचारलं नसन. मले विचारलं." पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून पाहू लागला. तू त्याच्याकडे बघून हसलीस आणि मग मला म्हणालीस, "मी जलमभर लेकराईले सुया टोचल्या. ते सुई पयले कोनाले तरी टोचली असन ना? कोन्या तरी मायनं हात पुढं केला असन. तिचं नाव मले माहीत हाय का? तिनं मले विचारून केला का?" मला उत्तर नको होतं, मला तू हवी होतीस.

औषध सुरू झालं. तुला गिरण्यांमधून येणाऱ्या उकड्या धानाचा वास सहन होईना, आणि साऱ्या तुमसरात दुसरा वास तो कुठला! तू खिडकी लावून बसायचीस. तळपाय जळायचे. तू दर खेपेला डॉक्टरीणबाईंना सारं सांगायचीस, कुठे जळतं, केव्हा जळतं, चपलेनं वाढतं की पाण्यानं कमी होतं. तिथल्या बाकावर दुसऱ्या बाया असायच्या. त्या त्रास लपवायच्या. औषध बंद करतील, ही भीती. तू त्यांना रागावली नाहीस. फक्त एकीला म्हणालीस, "तुह्यामागं कोन उभं हाय, ते पाय एकडाव." ती मागे वळून पाहू लागली, आणि मागे तर भिंत होती.

आणि मग मावशी आली. आंबागडाहून, पिशवीत जंगलातलं कसलं तरी मूळ घेऊन. तिनं आपल्या स्वयंपाकघरात स्वतः काढा उकळला. सगळ्या घरात कडू वास. पेला तुझ्यासमोर धरला. तू म्हणालीस, "बाई, मी त्यायले कबूल केलं हाय, दुसरं काही घेनार नाही म्हनून." मावशी भडकली. "त्यायले कबूल केलं! मी तुले कडेवर घेऊन फिरली, माह्यी कंबर वाकडी झाली, मले काय कबूल केलं तू? पे. पेतं का मी रडू?" आणि तिचे डोळे खरोखरच भरले. मी दारात उभी होते. तुला पाहत होते. आयुष्यभर गावागावांत असल्या काढ्यांशी भांडलेली नर्सबाई, तिनं तो पेला घेतला आणि डोळे मिटून पिऊन टाकला. मावशीनं पदरानं तुझे ओठ पुसले. "झालं," ती म्हणाली, "आता पाय कशी उठून बसतेस ते."

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी तुला म्हटलं, "सांगू नकोस. एक पेला तर होता. काढून टाकतील तुला." एसटीत भांडले तरी माझ्या मनात ते औषधच तुला वाचवणार होतं. तू कठडा धरून श्वास घेत होतीस. "मंग काढू दे," म्हणालीस, आणि आत गेलीस. बाईंनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं म्हनून तं सांगून रायली."

"मग घेतलंत का?"

"मोठी बहीण हाय. तुमाले नाही का मोठी बहीण?"

बाई कपाळाला हात लावून हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. रक्त तपासावं लागेल, वरच्या लोकांना कळवावं लागेल, तोवर औषध थांबेल, आणि कदाचित थांबलेलंच राहील. ते दिवस मला विसरता येत नाहीत. गाठ निघाली तेव्हाही तू इतकी कासावीस नव्हतीस. फोन वाजला की मान वर करायचीस. मी मावशीवर धुसफुसत होते. तू मला अडवलंस. "तिनं औषध नाही दिलं, तिनं स्वतःले दिलं. हे तुमच्या तपासणीत कुठं येते?" औषध पुन्हा सुरू करायची परवानगी आली त्या दिवशी तू वांग्यांना स्वतः पाणी घातलंस. मावशी तर अशी धसकली की त्यानंतर प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. "कोथिंबीर चालते का? विचार तुह्या डाक्टरीणले. आन् मीठ?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

औषधानं गाठीचं काही झालं नाही. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. धान कापणीला आलं होतं, गावाकडून माणसं भेटायला येत, जयभीम करत, तुझ्या पायांशी बसत, आणि कुणीतरी दंड उघडा करून तुला दाखवी की ही बघा नर्सबाई, तुमच्या सुईची खूण. तू गेलीस ती घरी, तुझ्या खिडकीजवळ.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी आधी माझी विचारपूस केली, मग चाचरत विचारलं, शेवटी घरी असताना त्रास कसा होता, सांगाल का? मी मावशीकडे पाहिलं. ती तुझं पातळ घडी करत होती. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. शांतपणे गेली, काही त्रास झाला नाही, थँक यू, डॉक्टर. लोकांना मी हेच सांगत होते. तुला कुणी कण्हताना ऐकलं, हे मला नको होतं. पण मला चिंच दिसली आणि चिंचेखाली उभी असलेली लेकरं दिसली. मी सांगितलं. तळपायांवर चादरसुद्धा सहन व्हायची नाही, ती ओल्या पोत्यावर पाय ठेवायची, बोटांनी पेला धरता यायचा नाही, शेवटी शेवटी ओरडायची. मी रडत रडत सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हे बरं सांगितलंत." अगदी तुझे शब्द. पुढे कधीतरी त्या भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की तुझ्यासारख्यांना दिलं तेवढं माणसाला सोसत नाही हे कळलं, म्हणून तुझ्यानंतरच्यांना कमी दिलं. त्या औषधाचं पुढे काय झालं, त्यांनाही नीट माहीत नव्हतं. ती माणसं कोण, मला माहीत नाही. त्यांनाही तू माहीत नाहीस. तुला हे आवडलं असतं.

आज सुई झाल्यावर त्या पोरीनं विचारलं, "काकू, दुखलं का?" मी म्हटलं, "हो, दुखलं. पुढच्याला सांग तसं." ती गोंधळली, पण माझ्यामागच्या लहान मुलाला दंड उघडा करताना म्हणाली, "थोडं दुखेल, हं." त्यानं ओठ घट्ट मिटले आणि हात पुढे केला.

आता हा कागद कुठे पाठवू? घडी करून तुझ्या पातळात ठेवते. एकच राहिलं. तू गेल्यापासून कुणी विचारलं, आता बरं आहे ना, तर मी 'हो, बरं आहे' म्हणते. इतकी वर्षं म्हणते. तू दंड हातात घेऊन विचारलं असतंस तर तसं म्हणता आलं नसतं.

लय दुखते, आई.