प्री-वेडिंगच्या पैशांचा कॅमेरा

दीपनगर

प्रिय हितेंद्र,

नाव लिहून सुरुवात केली म्हणून आई आत्ताच कुरकुरून गेली. होणाऱ्या नवऱ्याला असं लिहितात का म्हणे. तुम्ही म्हणाल, रोज फोन होतो, मग हे पत्राचं खूळ कुठून आलं? अहो, फोनवर तुमच्या शेजारी घरातलं कुणीतरी बसलेलं असतं आणि तुम्ही नुसते 'हं, हं' करता. मला जे विचारायचंय त्याला 'हं' चालणार नाही. लग्नानंतर मी काम करणार आहे, ते घरात बसून होणारं नाही, आणि ते तुम्हाला चालेल का हे मला अक्षता पडायच्या आधी कळायला हवं.

आधी तुमचा एक गैरसमज काढते. प्री-वेडिंग शूट नको म्हटलं तेव्हा तुम्हाला वाटलं, पोरगी लाजली. लाजले बिजले काही नाही. भाड्याचा गाऊन घालून कुठल्यातरी डोंगरावर तुमच्याभोवती गिरक्या घ्यायच्या आणि डोक्यावर ड्रोन भणभणतोय, हे माझं मलाच बघवलं नसतं. आबांनी लेकीच्या लग्नखर्चात त्यासाठी वेगळे ठेवलेले पैसे मी मागून घेतले आणि जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला. अगदी शिकाऊ माणसाला पुरेल असा, सोबत एकच लेन्स. आता रागवायचं असेल तर रागवा.

कॅमेरा धुळ्याच्या सुकदेवनानांचा. त्यांचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. मी आणि आबा एसटीने गेलो. मी व्हिडिओ बघून बघून तयारी केली होती. जुनी गाडी घेताना ती किती पळाली ते बघतात, तसं कॅमेऱ्याचं शटर किती वेळा उघडलं ते बघायचं. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी शोधायची. मी हे सगळं करत होते आणि आबा बैलबाजारात आल्यासारखे टेबलाभोवती फिरत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, एवढा चांगला आहे तर विकता कशाला, खोड काय आहे? नाना हसले. "खोड काहीच नही शे भाऊ. मना पोऱ्याले नवा जोयजे." मुलाला नवा हवा म्हणून हा काढत होते. कॅमेरा धरायच्या जागेचं रबर सुटलं होतं, ते त्यांनी आमच्यासमोर चिकटवून दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, कॅमेरा चांगला शे, पन फोटो तुलेच काढना पडतीन." येताना आबांनी ती बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. मी मागितली तरी दिली नाही.

सुरुवातीला मी केळीची पानं काढली, शेजारची शेळी काढली, आबांचं नाक काढलं. सगळं धूसर. मग रावेरकडे मामेबहिणीची हळद होती. तुम्ही पाहिलं असेल, फोटोवाला मांडवात शिरला की बायका पदर सावरून ताठ बसतात आणि गाणं बंद पडतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आमच्या केसरबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या काकू, त्यांनी त्याला सरळ चहाला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "तू काढ वं माय. त्या माणसापुढे आमाले लाज वाटते." मग काय विचारता! त्याच केसरबाई कोपरापर्यंत हळद माखून मामीच्या मागे धावल्या. तोंडात दात नाही, पण हसणं बघावं. तो फोटो जरा हललाय, तरी माझा सगळ्यात लाडका आहे. त्या दिवशी मला कळलं की मला हेच करायचंय.

तुमच्या आई साखरपुड्यात म्हणाल्या होत्या, सुनेनं घरबसल्या काही केलं तर आमची हरकत नाही. शिवण म्हणा, पार्लर म्हणा. चांगल्या मनानेच म्हणाल्या, मला राग नाही. पण हळद घरबसल्या टिपता येत नाही. ती दुसऱ्याच्या मांडवात असते, परगावी असते आणि परतायला उशीर होतो. मला भीती वाटते हो. तुमच्याकडे शिंदखेड्याला आल्यावर कॅमेरा कपाटात जाईल आणि कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही, तरी तिथेच राहील. पण त्याच साखरपुड्यात फोटोवाला माझ्या मागे लागला होता, मान खाली, अजून खाली. तेव्हा तुम्ही त्याला हळूच म्हणालात, "त्यांना उभं राहायचं तसं राहू द्या." तेव्हाच तुम्ही मला आवडलात. हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

आता पत्राचं खरं कारण. केसरबाईंचे फोटो वरणगावच्या कोकिळाकाकूंनी पाहिले आणि त्यांच्या लेकीच्या, मयुरीच्या हळदीचं काम मला दिलं. माझं पहिलं काम. तारीख आपल्या लग्नानंतर आठव्या दिवसाची. आई म्हणते, अंगावरची हळद उतरली नाही तोवर नवी नवरी परक्या मांडवात जाते का कुठे? आधी सासरी विचार, मग हो म्हण. मी हो म्हणून बसलेय, हितेंद्र. तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. तुमच्या आईंना मी स्वतः सांगेन, तुम्हाला मध्ये घालणार नाही. तुम्ही फक्त एवढं कळवा, वरणगावला पोचायला शिंदखेड्याहून भुसावळला जाणाऱ्या सकाळच्या गाडीचं तिकीट एक काढायचं की दोन. दोन म्हणालात तर कॅमेऱ्याचा स्टँड तुम्हाला उचलावा लागेल.

तुमचीच होऊ घातलेली,
डिंपल